रिपोर्टवर ‘४७, एक्सएक्सवाय’ आलंय? मग आधी हे वाचा

वीर्य तपासणीत ‘निल’, म्हणजे एकही शुक्राणू नाही, असं आलं आणि पुढं रक्ताच्या रिपोर्टवर ‘४७, एक्सएक्सवाय’ छापून आलं, की माणूस आधी तो कागद घडी घालून गाडीच्या डिकीत टाकतो. मी सहा महिने टाकला होता. वर पेट्रोलची बिलं, खाली तो. त्या सहा महिन्यांत काही बिघडलं नाही. बिघडलं होतं त्याच्या आधीच, आणि तेही चुकीच्या क्रमानं उपचार घेतल्यामुळं. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. पण या वाटेवरून गेलोय, आणि गेल्या काही वर्षांत कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं दहा-बारा जण दबक्या आवाजात फोन करून हेच विचारतात. त्यांना जे सांगतो ते इथं सविस्तर लिहितोय.

आधी दोन मिनिटं: हे आहे काय

पुरुषाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, त्यात एक एक्स आणि एक वाय. आपल्याकडं एक एक्स जास्त, म्हणून ४७. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. हॅरी क्लाइनफेल्टर या अमेरिकन डॉक्टरनं १९४२ साली अशा पुरुषांचं वर्णन केलं, जादा एक्स असल्याचा शोध १९५९ मध्ये लागला. जन्मणाऱ्या साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागं एक असा असतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. निम्मे पुरुष धरा, म्हणजे एकट्या शहरातच पावणेपाचशे ते साडेनऊशे जण निघतात. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत यातला एखादा तुम्हाला धक्का देऊन गेला असेल, आणि बहुधा त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. दाढीमिशा येतात, लग्न होतं, संसार नीट चालतो, म्हणून बहुतेकांना कळतंच मुळी मूल होत नाही तेव्हा. काहींना तर जन्मभर कळत नाही.

जादा एक्स कधी आईच्या बीजातून येतो, कधी वडिलांच्या, साधारण निम्मं-निम्मं. बीज तयार होताना विभागणी चुकते, इतकंच. ग्रहणाचा, कुंडलीचा, तरुणपणीच्या सवयींचा याच्याशी काही संबंध नाही. बॉयलरजवळ किंवा डाइंगच्या खात्यात काम केल्यानंही हे होत नाही. उष्णतेनं शुक्राणू कमी होऊ शकतात, पण गुणसूत्र वाढत नाही. आणखी एक, कारण फोनवर हे हमखास विचारतात: यामुळं कुणी तृतीयपंथी ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

पायरी १: वीर्य तपासणी, दोनदा, आणि बायकोच्या तपासण्या सुरू करण्याआधी

आपल्याकडची रीत अशी: लग्नाला दोन वर्षं झाली की सूनबाईची सोनोग्राफी, मग तिचे हार्मोन, मग तिची नळ्यांची तपासणी, मध्ये तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. नवऱ्याचा नंबर शेवटी. काही शे रुपयांची, अर्ध्या तासाची तपासणी तीन-तीन वर्षं रखडते. माझ्या बायकोनं सोळा सोमवार पूर्ण केले होते, तेव्हा कुठं मी डबी हातात घेतली.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही बंद. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून नेलात तर अंगाच्या उबेत, तासाच्या आत पोचवा. मे महिन्यात ४३ डिग्रीत डिकीत ठेवून नेलेला नमुना काय सांगणार? ‘निल’ आलं तर लॅबला विचारा, की नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनवर वेगानं फिरवून, तळाचा गाळ तपासला का. कधीकधी त्या गाळात मोजके शुक्राणू सापडतात, आणि ते सापडले तर वृषणातून शुक्राणू काढण्याचं पुढचं ऑपरेशनच टळू शकतं. काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्या. एका कागदावर विश्वास ठेवू नका.

पहिली तपासणी आणि सल्ला यासाठी सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय, वाईट नाही. रांग आहे, ओळखीचं कुणी भेटण्याची धास्ती आहे, पण खर्च कमी. रांगेत कुणी विचारलंच तर मुतखडा म्हणून सांगा, आपल्या भागात त्यावर कुणी शंका घेत नाही.

पायरी २: डॉक्टरांच्या हाताची तपासणी आणि सकाळचं रक्त

दोन्ही नमुने निल असतील तर युरॉलॉजिस्ट गाठा, त्यातही पुरुष वंध्यत्वाचं काम करणारा मिळाला तर उत्तम. ते वृषणं हातानं तपासतात. क्लाइनफेल्टरमध्ये वृषणं लहान आणि घट्ट असतात. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि नुसते रिपोर्ट चाळून ती टाळणाऱ्या डॉक्टरकडं परत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्तात एफएसएच, एलएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम देणारी दोन हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) बघतात. रक्त सकाळी द्यायचं, शक्यतो दहाच्या आत, कारण टेस्टोस्टेरॉन दुपारपर्यंत उतरतं. आपल्यात पहिली दोन वाढलेली असतात आणि टेस्टोस्टेरॉन कमी किंवा जेमतेम. अर्थ असा, की मेंदू वृषणांना ओरडून सांगतोय, पण तिकडून काम होत नाहीये. एफएसएच नॉर्मल आणि वृषणंही नॉर्मल असतील तर शुक्राणू तयार होऊन वाट अडलेली असण्याची शक्यता असते. तो प्रश्न वेगळा आणि सोपा.

पायरी ३: टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजून घेऊ नका

इथं मी थांबणार आहे, कारण माझी गाडी इथंच घसरली.

टेस्टोस्टेरॉन कमी आलं, तेव्हा मी ज्यांच्याकडं जात होतो त्या डॉक्टरांनी सरळ इंजेक्शन सुरू केलं. दर तीन आठवड्यांनी एक. मूल हवंय का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं पुरुषी हार्मोन कमी आहे, ते भरलं की शुक्राणू येतील. ताकद वाढली, दाढी दाट झाली, झोप सुधारली, मी खूश. सव्वा वर्ष घेतलं.

होतं असं की बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. तो एलएच आणि एफएसएच पाठवणं बंद करतो. त्या दोघांच्या हुकमाशिवाय वृषणात शुक्राणू तयार होत नाहीत. आपल्या वृषणात आधीच एखाद्या कोपऱ्यात चार-दोन ठिकाणी काम चालू असतं, तेही या इंजेक्शनानं बंद पडतं. मूल हवं असणाऱ्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे विहिरीला पाणी कमी आहे म्हणून टँकर मागवायचा आणि झरा बुजवायचा. जिमवाले जी ‘टी’ची इंजेक्शनं देतात त्यांचंही तेच. बसस्टँडजवळच्या भिंतीवरची ‘मर्दानगी’ची पावडर तर त्याहून वाईट, तिच्यात काय मिसळलंय हे कुणीच सांगत नाही.

आधीच सुरू असेल तर घाबरू नका, पण मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना सांगून थांबवा. वृषणांचं काम पुन्हा सुरू व्हायला बहुतेकदा तीन ते सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. त्या काळात अंग गळल्यासारखं होतं, चिडचिड होते. माझ्या बायकोनं तो काळ कसा काढला, ते तिलाच ठाऊक.

काही डॉक्टर ऑपरेशनआधी काही महिने लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, क्लोमिफीन किंवा एचसीजी देतात. ही औषधं शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढवतात, झरा बुजवत नाहीत. त्यानं शुक्राणू सापडण्याची शक्यता नक्की वाढते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. द्यायची का आणि किती दिवस, हे विचारून घ्या.

पायरी ४: कॅरिओटाइप, आणि सोबत वायची तपासणी

कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, पांढऱ्या पेशी तीनेक दिवस वाढवतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली वीस-तीस पेशींतली गुणसूत्रं मोजतात. सोलापुरात कलेक्शन सेंटर आहेत, नमुना सहसा पुण्या-मुंबईला जातो, रिपोर्टला दोन-तीन आठवडे धरा. शनिवारी संध्याकाळी रक्त देऊ नका. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, रविवारी कुरिअर पडून राहतं.

सोबत ‘वाय क्रोमोसोम मायक्रोडिलिशन’, म्हणजे वायचा बारीक तुकडा उडालाय का, ही तपासणी सांगतात. वायवर एझेडएफ नावाचा भाग असतो, त्याचे ए, बी, सी असे तुकडे. ए किंवा बी पूर्ण उडालेला असेल तर शुक्राणू सापडत नाहीत, ऑपरेशनचा खर्च आणि कापाकाप दोन्ही वाचतात. फक्त सी गेला असेल तर साधारण निम्म्या जणांत सापडतात.

रिपोर्टवर काय लिहिलंय ते नीट बघा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी:

- ४७, एक्सएक्सवाय: आपला प्रकार. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच.
- ४६, एक्सवाय आणि ४७, एक्सएक्सवाय असं दोन्ही: याला मोझॅइक म्हणतात. अशांच्या वीर्यातच शुक्राणू मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून नमुना पुन्हा पुन्हा तपासावा.
- ४६, एक्सएक्स आणि तरीही पुरुष: वायच नाही, म्हणजे एझेडएफ नाही. ऑपरेशनात काही सापडणार नाही. कुणी करायला सांगितलं तर उठून या.
- ट्रान्सलोकेशन (गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला), किंवा त्यातलाच ४५ गुणसूत्रं असलेला रॉबर्टसोनियन प्रकार: इथं शुक्राणू बहुतेकदा असतात, कमी असतात, आणि गर्भपात वारंवार होतात. भ्रूणाची जनुकीय तपासणी करून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) हा रस्ता.
- ४७, एक्सवायवाय: बहुतेकांना मुलं नैसर्गिकरीत्या होतात.
- इन्व्हर्शन ९ (नवव्या गुणसूत्राचा एक भाग उलटा): शंभरातल्या एक ते तीन जणांत असतं, ते सर्वसाधारण वेगळेपण मानतात. यावरून एका ओळखीच्याचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं. उगाच.

पायरी ५: दोघांनी मिळून समुपदेशकाकडं

जेनेटिक काउन्सिलर ही चैन वाटते, आहे गरजेची. पुण्याला मोठ्या रुग्णालयांत मिळतात. मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथं वंध्यत्व आणि अनुवंशशास्त्र दोन्हींचं काम चालतं. बायकोला सोबत न्या. ‘तिला नंतर सांगतो’ असं म्हणणारे फार भेटले. तिच्या पोटात इंजेक्शनं टोचायची आहेत, तर कागद तिनं आधी वाचायला नको? सासूबाई, चुलते, वहिनी यांना काय सांगायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा. मी आईला सांगितलं, वडिलांना नाही. त्याचा हिशेब माझा मी बघेन.

मुलाला हे होईल का, हा पहिला प्रश्न असतो. आपल्यासारख्यांच्या शुक्राणूपासून झालेली बहुसंख्य मुलं सामान्य गुणसूत्रांची आहेत. धोका थोडा वाढलेला धरतात, म्हणून भ्रूणाची पीजीटी नावाची तपासणी करायची का, हे डॉक्टर विचारतात. ती करताना मुलगा की मुलगी हे सांगणं आणि त्यावरून निवड करणं १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानं गुन्हा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी कोपऱ्यात घेऊन डॉक्टरांना विचारायला लावतं.

पायरी ६: केंद्र निवडणं

२०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा लागू झाल्यापासून प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. लेव्हल एक म्हणजे फक्त आययूआय (शुक्राणू बारीक नळीनं गर्भाशयात सोडणं), लेव्हल दोन म्हणजे आयव्हीएफ आणि इक्सी (ते पायरी ७ मध्ये येतं). प्रमाणपत्र भिंतीवर असतं, वाचा. बायकोचं वय २१ ते ५० आणि नवऱ्याचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. आणि शून्य शुक्राणू असताना तुमच्याच नमुन्यानं आययूआय करू म्हणणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून निघा.

आपल्याला हवं ते ऑपरेशन म्हणजे मायक्रो-टेसी, मायक्रोस्कोपखाली वृषणातून शुक्राणू शोधून काढणं. ते करणारे सर्जन मोजके आहेत. मी जे प्रश्न विचारले ते असे: क्लाइनफेल्टरचे किती पेशंट केलेत, आणि कितींत शुक्राणू सापडले? ऑपरेशन चालू असताना एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमधला भ्रूणतज्ज्ञ) शेजारी बसून ऊती तपासतो का? एक-दोन शुक्राणूही गोठवण्याची सोय आहे का? खर्चाच्या आकड्यात बायकोची इंजेक्शनं, भूल, गोठवण्याचं वार्षिक भाडं धरलंय का? शेवटच्या प्रश्नावर आकडा बहुतेकदा वर सरकतो. एकूण खर्च लाखांत जातो, तो लेखी घ्या. सुईनं काढून बघू, म्हणजे टेसा, म्हणाले तर विचार करा. आपल्यासारख्यांत शुक्राणू इकडं-तिकडं विखुरलेले असतात, आंधळ्या सुईला ते क्वचितच लागतात.

पुण्याला जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. बायकोची इंजेक्शनं साधारण दहा-बारा दिवस चालतात, मध्ये तीन-चार सोनोग्राफी लागतात. यातल्या सुरुवातीच्या सोनोग्राफी सोलापुरात करून रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला चालेल का, हे विचारा. काही केंद्रं हो म्हणतात, रजा वाचते. शेवटचे चार दिवस मात्र तिथंच राहावं लागतं. हडपसरला पाहुणे नाहीत असा सोलापूरकर विरळा, पण पाहुण्यांकडं राहिलात की कारण सांगावं लागतं. आम्ही लॉज घेतलं.

पायरी ७: ऑपरेशनचा दिवस

पूर्ण भूल देतात. वृषण उघडून मोठ्या मायक्रोस्कोपखाली वीसेक पट मोठं करून बघतात. आत दोऱ्यासारख्या बारीक नलिका असतात. बहुतेक बारीक, सुकलेल्या. त्यांत एखादी फुगीर, पांढुरकी दिसली तर तेवढीच उचलतात. ही पद्धत न्यूयॉर्कला १९९० च्या दशकाच्या शेवटी विकसित झाली. दोन ते चार तास लागू शकतात.

आकडा सरळ सांगतो. क्लाइनफेल्टरच्या १०० पुरुषांत साधारण ४० ते ५० जणांत शुक्राणू सापडतात. त्यातल्या सगळ्यांच्या घरी मूल येत नाही, येणाऱ्यांचा आकडा त्याच्याही निम्म्याच्या आत राहतो. एफएसएच किती, वृषण केवढं, यावरून कुणाला सापडेल हे आधी सांगता येत नाही. वय वाढतं तशी शक्यता घटते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. बायकोचं वय मात्र निर्विवाद महत्त्वाचं.

एक निर्णय आधी घ्यावा लागतो. बायकोची स्त्रीबीजं त्याच दिवशी काढायची, की आधी तुमचं ऑपरेशन करून शुक्राणू सापडले तर गोठवायचे आणि मग तिची तयारी सुरू करायची? पहिल्यात ताजे शुक्राणू मिळतात, पण सापडले नाहीत तर तिची इंजेक्शनं वाया जाण्याची भीती. दुसऱ्यात तिला विनाकारण त्रास नाही, पण मोजकेच शुक्राणू असले तर गोठवून परत काढताना काही मरतात. मी दुसरं निवडलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पहिलं निवडलंत तर ‘सापडले नाहीत तर काय’ याचं उत्तर भुलीच्या आधी लेखी द्या: बीजं गोठवायची, की डोनरचे शुक्राणू वापरायचे. भूल उतरताना हे ठरवता येत नाही.

सापडले तर इक्सी, म्हणजे एका बीजात एक शुक्राणू सुईनं सोडणं. हे तंत्र १९९२ साली आलं. मोझॅइक नसलेल्या क्लाइनफेल्टर पुरुषांना या मार्गानं झालेल्या मुलांची नोंद १९९८ मध्ये छापून आली. त्याआधी डॉक्टर आपल्याला सरळ ‘शक्य नाही’ म्हणायचे, अजूनही काही म्हणतात.

ऑपरेशननंतर सपोर्टर घाला, बर्फ कपड्यात गुंडाळून शेका, दोन-तीन आठवडे वजन उचलू नका, आणि दुचाकी नको. आपले रस्ते माहिती आहेत. परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका, आणि काढलीत तर खालचा बर्थ.

पायरी ८: सापडले नाहीत तर

डोनर हा कायदेशीर आणि तुलनेनं कमी खर्चाचा मार्ग. नमुना नोंदणीकृत बँकेतूनच येतो, डोनरचं वय २१ ते ५५, एका डोनरचा नमुना एकाच जोडप्याला, आणि त्याची ओळख गुप्त. मूल कायद्यानं तुमच्या दोघांचंच. डोनरचा त्यावर हक्क नाही. दोघांची लेखी संमती लागते. ‘भावाचे घेऊ, रक्त तरी घरचं’ असा सल्ला घरातून येतो. कायदा ते मान्य करत नाही, आणि मला विचाराल तर दिवाळीला एका पंगतीत बसायचं असतं.

दत्तक घ्यायचं तर कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी. लग्नाला किमान दोन वर्षं हवीत, आणि दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढं चालत नाही. प्रतीक्षा काही वर्षांची असते, म्हणून उपचार चालू असतानाच चौकशी सुरू करावी. ओळखीच्या नर्सकडून परस्पर मूल मिळतंय असं कुणी सांगितलं तर तो गुन्हा आहे, त्यात पडू नका.

आमच्या घरी सात वर्षांची मुलगी आहे. ती वरच्यापैकी कोणत्या रस्त्यानं आली, हे मी इथं लिहिणार नाही. ती गोष्ट आधी तिला सांगायची आहे.

पायरी ९: आता टेस्टोस्टेरॉन

मुलांचा विषय संपला, एका बाजूनं किंवा दुसऱ्या, की मग इंजेक्शन. ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉन आणखी खाली जातं, म्हणून तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासा. कमी असेल तर ते घ्यायलाच हवं, कारण त्याशिवाय हाडं ठिसूळ होतात, पोट सुटतं, साखर वाढते. सुरू झाल्यावर दर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट बघतात, रक्त दाट होतंय का ते कळतं. हाडांची डेक्सा तपासणी एकदा करून घ्या. पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखायला लागली तर गुठळीची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. छातीत गाठ लागली तरी लाजू नका. सामान्य पुरुषांपेक्षा आपल्याला स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो.

आणि तो डिकीतला कागद बाहेर काढा, लॅमिनेट न करता फाईलला लावा. लॅमिनेट केला की झेरॉक्स नीट येत नाही, आणि प्रत्येक नवीन डॉक्टर झेरॉक्स मागतोच.